हातानं ऐकलं नाही

शांतवन भंडारेच्या हातांबद्दल त्याची बायको एस्तेर कधी वावगं बोलली नाही, आणि ही गोष्ट साधी नव्हे. चौतीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याच्या घोरण्यापासून चहात साखर ओतण्यापर्यंत सगळ्यावर तोंड सोडलं होतं. तिच्या तोंडाला अख्खी गल्ली वचकून असायची. पण हात म्हटले की ती गप्प व्हायची. "हात तेवढं देवानं सवडीनं केल्यात," असं म्हणायची, "बाकीचं मग घाईत उरकलंय."

शांतवन दोर वळायचा. शाहूपुरीतल्या गोदामांच्या मागच्या बाजूला, नाल्याच्या कडेनं लांबलचक मोकळी पट्टी आहे. तिथं एका टोकाला चाक रोवलेलं. एस्तेर चाकाचा दांडा फिरवायची आणि शांतवन कमरेला घायपाताच्या धाग्यांचा वाख बांधून, बोटांतून तो सोडत सोडत मागं जायचा. दोर वळणारा माणूस जन्मभर मागंमागंच चालतो. त्यामुळं एस्तेरनं या माणसाला चौतीस वर्षं आपल्याकडं तोंड करून लांब जाताना पाहिलं होतं. तीन पेड झाले की ते एकत्र पिळायचे, आणि मग तो दोर असा व्हायचा की कागल-राधानगरीकडचे शेतकरी नायलॉनच्या राज्यातही बेंदराला, बैलांच्या सणाला, त्याच्याच दारात यायचे. कासरा, म्होरकी, दावं, सगळं नवं हवं असायचं. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, गिऱ्हाईक रोडावलं, पण तुटलं नाही.

या धंद्यात एक नियम आहे. जनावराच्या गळ्यात जो दोर पडतो, त्याची गाठ सरकती नसावी. सरकता फास असला आणि जनावरानं दावणीला हिसका दिला, की ते आपल्याच जोरानं गळफास लागून मरतं. शांतवनच्या बापानं त्याला आठव्या वर्षी ही गाठ शिकवली होती. शंभरदा मारायला लावली, शंभरदा स्वतःच्या मनगटात अडकवून ओढून बघितली. एकदा चुकून गाठ सरकली तेव्हा बापानं त्याच दोरानं पाठीत दोन ठेवून दिले. त्यानंतर शांतवनची गाठ कधी सरकली नाही. बोलता बोलता, आभाळाकडं बघत, तो ती मारायचा.

घरात येशूची भक्ती चार पिढ्यांपासून होती. पणजा गावकुसाबाहेरून उठून मिशनच्या शाळेत आला, चार अक्षरं शिकला, बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, दोर तेवढा हातात राहिला. शांतवन रविवारी पांढरा शर्ट घालून देवळात जायचा, मागच्या बाकावर बसायचा आणि उपदेश चालू असताना बोटांनी शर्टाचं टोक पिळत असायचा. पण लेकीला दोराजवळ फिरकू दिलं नाही. "तू माणसं धर, दोर नगं," म्हणाला, आणि रूथला नर्सिंगला घातलं.

रूथ सव्वीस वर्षांची होती. एका मोठ्या बंगल्यात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायला जायची. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी त्या घरचा ड्रायव्हर ज्ञानू म्हातारीच्या अंगावरचं सोनं काढायला खोलीत शिरला. तो तेवीस वर्षांचा होता. म्हातारी ओरडली, रूथ मध्ये पडली. दोघी गेल्या. पोलिसांनी परत दिलेल्या पिशवीत रूथचा जेवणाचा डबा होता. तो उघडलासुद्धा नव्हता. आत एस्तेरनं केलेली मेथीची भाजी होती. एस्तेरनं तो डबा हातात घेतला आणि त्या दिवसापासून तिची प्रार्थना एका ओळीची झाली. "देवा, तो लटकू दे."

ती हे लपवत नव्हती. देवळातल्या पाळकांना सांगितलं, शेजारणींना सांगितलं, वाण्याला सांगितलं. तीन वर्षं खटला चालला, तीन वर्षं ती प्रत्येक तारखेला कसबा बावड्याच्या कोर्टात जाऊन बसली. शांतवन काही बोलायचा नाही. पण ज्ञानूला पिंजऱ्यात आणलं की त्याच्या मानेची शीर ताठ व्हायची, ती एस्तेरला दिसायची. तेवढ्यावर ती समाधानी होती. आपला माणूस आपल्या बाजूला आहे, असं तिला वाटायचं.

शुक्रवारी ज्ञानू दोषी ठरला. शिक्षा काय द्यायची ते सोमवारी ऐकायचं ठरलं. सरकारी वकील म्हणाले, "फाशीच मागणार. तुम्हा दोघांनाही दोन शब्द बोलू द्या म्हणून विनंती करतो. न्यायाधीशसाहेब ऐकतील."

त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत विश्वजित पाटील दारात आला. शिवाजी पेठेतल्या तालमीचा पोरगा, फुटबॉलमध्ये गाजलेला, अंगानं आडदांड आणि मनानं सरळ. रूथनं कधीतरी त्याच्या आजीला इंजेक्शनं दिली होती, ते तो विसरला नव्हता. मागं आठ-दहा पोरं.

"अण्णा, उद्या बिंदू चौकात मोर्चा हाय. त्याचा पुतळा लटकवणार. दोर तुमच्या हातचाच पायजे. बाजारातनं आणला असता की, पर बापाच्या हातचा दोर म्हंजी अख्ख्या गावाला कळंल."

शांतवन उठला. राखून ठेवलेला पांढराशुभ्र वाख काढला. एस्तेर चाकाजवळ बसली. तिनं दांडा इतक्या जोरात फिरवला की चाक कुरकुरायला लागलं. मागं जाणाऱ्या नवऱ्याच्या डोळ्यांत तिला त्या दिवशी जे दिसलं, ते लग्नाच्या दिवशीही दिसलं नव्हतं. दोर तयार झाला. विश्वजित म्हणाला, "अण्णा, फास बी तुम्हीच मारा. चांगला आवळणारा."

"मारतो," शांतवन म्हणाला. टोक वळवलं, दुमडलं, ओढलं. डोळे मिटून उघडायच्या आत गाठ तयार.

शनिवारी बिंदू चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. जुनी पँट, जुना शर्ट, आत भाताचं पिंजर, डोक्याच्या जागी कापडात कोंबलेला भुस्सा, छातीवर पाटी. पोरांनी पुतळ्याच्या गळ्यात दोर घातला, दुसरं टोक कमानीवरून टाकलं आणि ओढलं. "फाशी द्या, फाशी द्या," सगळा चौक ओरडत होता. एस्तेरही ओरडत होती.

पुतळा हातभर वर गेला आणि दोरातून सुटून खाली बसकण मारून पडला.

पोरांनी पुन्हा घातला. पुन्हा ओढला. पुन्हा तो दोरातून निसटला आणि या वेळी बाजूला कलंडला. मोबाईल वर धरलेल्या गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. विश्वजितनं दोर हातात घेऊन ओढून पाहिला, रागानं लाल झाला. तेवढ्यात पटका बांधलेला एक म्हातारा शेतकरी पुढं आला आणि गाठ बोटांनी चाचपून म्हणाला, "आरं पोरांनो, ही दाव्याची गाठ हाय. जनावराची. ही काय केल्या आवळायची न्हाय."

सगळा चौक शांतवनकडं बघायला लागला.

शांतवननं दोर घेतला. गाठ सोडवली. सगळ्यांच्या देखत पुन्हा मारायला लागला, सावकाश, हाताकडं बघत. एस्तेर दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं पाहिलं, दोराचं टोक फासाच्या वाटेनं निघालं आणि शेवटच्या वळणाला बोटांनी ते आपोआप दुसरीकडून आत घेतलं. ओढून पाहिलं. गाठ तशीच. त्यानं तिसऱ्यांदा मारली. तशीच. मोठं आश्चर्य म्हणजे त्याच्या कपाळावर घाम होता. माणूस खरोखरच प्रयत्न करत होता. त्याला फास हवा होता आणि हात देत नव्हते.

"येत न्हाय," तो म्हणाला. दोर विश्वजितच्या हातात दिला आणि स्वतःच्या पंजांकडं असा बघत राहिला, जसे ते त्याला कुणी पहिल्यांदाच दाखवलेत. विश्वजितनं आपला फास मारला, पुतळा लटकला, घोषणा झाल्या. शांतवननं मान वर केली नाही.

घरी आल्यावर एस्तेरनं दार लावलं आणि तोंड उघडलं. "अब्रू घालवलासा. हसलं की समदं. पोरीच्या बापाला फास येत न्हाय म्हणत्यात."

"मी फासच मारत हुतो, एस्तेर. मनात फासच हुता. तुझी शपथ." त्यानं दोन्ही पंजे तिच्यापुढं धरले. "हातानं ऐकलं न्हाय."

"चाळीस-पन्नास वर्सांची सवय हाय ती! उद्या सवयीला देव म्हणाल."

"सवयच म्हण. पर म्या आज पयल्यांदा बघितलं, माझ्यात कायतरी माझ्याहून शाणं हाय. मी म्हणतोय मार. ते म्हणतंय न्हाय. तीनदा, एस्तेर. तीनदा न्हाय म्हणालं." तो खाली बसला. "बानं काय शिकवलं हुतं? बांधून ठेवायचं. पक्कं. सुटता कामा नये. पर जीव घ्यायचा न्हाय. सोमवारी मी साहेबांना ह्येच सांगणार हाय."

एस्तेरनं त्याच्याकडं वळून पाहिलं. तीन वर्षं ज्याला आपल्या बाजूचा समजत होतो तो हा?

"तुम्ही तसं बोललासा," ती हळू म्हणाली, आणि ती हळू बोलायला लागली की प्रकरण गंभीर असतं हे शांतवनला ठाऊक होतं, "तर चाकाला दुसरी बाई बघा. मी भावाकडं जाणार. रूथला मारणाऱ्याला वाचवणाऱ्याच्या घरात मी ऱ्हाणार न्हाय."

शांतवन उठून वाखाचे उरलेले धागे गोळा करू लागला. पण "बरं, न्हाय बोलत" असं काही तो म्हणाला नाही.

रविवारी देवळातली भक्ती संपल्यावर एस्तेरनं त्याला पाळकांपुढं उभं केलं. ह्यांना समजावा, म्हणाली. शेजारी मंडळीचे वडील, म्हणजे देवळाच्या कारभारातले ज्येष्ठ, योसेफ हवालदार होते, पोलिसातून निवृत्त झालेले. त्यांनी आपणहून सुरुवात केली. "शांतवन, सरकारच्या हातात तलवार देवानंच दिलीया. वाईट करणाऱ्यानं भ्याव म्हणून. तू मधी पडायचं कारण न्हाय."

"मधी न्हाय पडत. पर हवालदार, सरकार तलवार सोता कवा धरतंय? ते कुणाच्या तरी हातात देतंय. राजाच्या काळात कुणाच्या हातात दिलती? तुमच्या-माझ्या पणजाच्या. गावानं हुकूम सोडायचा आणि फास आपल्या माणसांनी ओढायचा. पाप आपल्या माथी, हात धुवायला गाव मोकळं. माझा आजा म्हणायचा, आपण तिथनं उठून आलो त्यात ह्येबी एक कारण हुतं."

हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

पाळक वयस्क होते. ते एस्तेरला म्हणाले, "बाई, मंडळी यावर दोन हजार वर्षं भांडत आलीय. एक म्हणतात, जीव एवढा मोलाचा, की तो घेणाऱ्याला जिवाचंच मोल द्यावं लागेल. खोटं नाही ते. दुसरे म्हणतात, पहिला खून भावानं भावाचा केला, तेव्हा देवानं खुन्याला हाकलून दिलं, पण याला कुणी मारू नये म्हणून त्याच्यावर खूणही केली. आणि आपला प्रभू तर कायद्यानंच मारला गेला. निकाल लागला होता, सही-शिक्का झाला होता."

"त्यानं माफ केलं. तो देव हुता," एस्तेर म्हणाली. "मी आई हाय."

"तुम्हाला माफ करा असं मी म्हणणार नाही. माफी वेगळी, शिक्षा वेगळी."

"मग तुमचं मत काय? सरळ सांगा की."

पाळकांनी देवळातल्या पाण्याच्या कुंडाकडं पाहिलं. "रूथचा बाप्तिस्मा मी केलाय. पाण्यात हात घालताना ती माझं बोट धरून हसली होती. कधी कधी माझ्या मनात जे येतं, ते मंडळीला कळलं तर मला उपदेशाला उभं करणार नाहीत. म्हणून मी माझ्या मनाचं ऐकत नाही, बाई. ज्याच्या नावानं उभा राहतो त्याचं ऐकतो. आणि तो मारा म्हणत नाही."

एस्तेर तणतणत घरी आली. जेवली नाही. पिशवीत चार लुगडी भरून ठेवली.

सोमवारी कोर्टात दोघं एका बाकावर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. ज्ञानू पिंजऱ्यात होता. भिंतीकडेला त्याची आई शालूबाई बसली होती, नेहमीप्रमाणं, पदर तोंडावर घेऊन. तीन वर्षांत एस्तेरनं तिच्याकडं कधी धड पाहिलं नव्हतं आणि पाहायची इच्छाही नव्हती. सरकारी वकिलांनी दुर्मिळातला दुर्मिळ गुन्हा म्हणत फाशी मागितली. मग न्यायाधीश म्हणाले, "शिक्षा कायद्यानं ठरेल, तुमच्या मागणीवर नाही. पण तुम्ही आई-वडील आहात. बोलायचं असेल तर बोला."

शांतवन उभा राहिला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी ते त्यानं पुढच्या कठड्यावर पालथे ठेवले.

"साहेब, मी दोर वळतो. शनिवारी फास मारायला गेलो, माझ्या हातानं मारला न्हाय. मी चांगला म्हणून न्हवं. मला तो मरावा असं वाटत हुतं. अजून वाटतंय. पर माझ्या पोरीचं काम जगवायचं हुतं. शेवटी बी ती म्हातारीला वाचवाय गेलती. तिच्या नावावर एक मरण ल्हिऊ नका. त्याला बांधून ठेवा, साहेब. जन्मभर. सोडू नका." तो थांबला. "ह्ये माझं झालं. माझ्या बायकोचं येगळं हाय. तिनं नऊ महिनं पोटात वागवलंय, तिचं म्हणणं माझ्याहून वजनदार. ते नीट ऐका."

आणि तो बसला.

एस्तेरनं आपली वाक्यं पाठ केली होती. तीन वर्षं पाठ होती. ती उठली आणि तिला कळेना, आपल्याला काय होतंय. या माणसानं तिचं काही हिसकावून घेतलं नव्हतं. भर कोर्टात स्वतःचं बोलून झाल्यावर त्यानं तिला आपल्यापेक्षा उंच जागा करून दिली होती, ती त्याच्या विरुद्ध बोलणार हे पक्कं ठाऊक असताना. कठड्यावर त्याच्या घामेजल्या पंजांचे दोन ओले ठसे अजून होते. एका माणसाचं जगणं-मरणं जिभेवर घेऊन उभं राहणं म्हणजे काय, हे तिला त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं. रोज सकाळी चूल पेटवता पेटवता ती ते मागत होती.

"साहेब," ती म्हणाली, "मला वाटतंय तो मरावा. झोपताना वाटतंय, उठताना वाटतंय. खोटं कशाला बोलू? माझं मन फाटलंय ते शिवलं जायचं न्हाय." तिनं कठड्यावरच्या ठशांकडं पाहिलं. "पर असल्या फाटक्या मनाचं ऐकून माणूस मारू नका."

ती खाली बसली. मधली मोकळी जागा न सोडता बसली. शांतवन तिच्याकडं बघत होता आणि या वेळी थक्क व्हायची पाळी त्याची होती.

दुपारनंतर निकाल आला. जन्मठेप, मरेपर्यंत. न्यायाधीशांनी आपली कारणं सांगितली, गुन्हेगाराचं वय, मागचा कोरा इतिहास, कायदा. बाहेर विश्वजित उभा होता. "तुम्हीच ढिलं पडलासा, अण्णा," म्हणाला, आणि डोळे पुसत गाडीला किक मारून गेला. त्याचं चुकलं असं एस्तेरला वाटलं नाही. दोन दिवसांपूर्वी तीही हेच म्हणत होती.

ती शांतवनला म्हणाली, "ऱ्हाणार मी. पर रागानं ऱ्हाणार."

"असू दे की," शांतवन म्हणाला.

ते केएमटी बसच्या थांब्याकडं निघाले तेव्हा मागून कुणीतरी धडपडत आलं. शालूबाई. पदर खाली आला होता. एस्तेरनं तिचा चेहरा पहिल्यांदाच पूर्ण पाहिला. आपल्याच वयाची बाई होती. ती पाया पडेल म्हणून एस्तेर मागं सरली, पण शालूबाई पाया पडली नाही, आभारही मानले नाहीत. ती हात जोडून नुसती उभी राहिली.

"काय?" एस्तेर म्हणाली.

"कळंब्याच्या तुरुंगात हाय त्यो," शालूबाई म्हणाली. "तीन वर्सं मी भेटाय गेलो न्हाय. कोर्टात लांबनं बघायचं, तेवढंच. तुमची पोर मातीत गेली आणि मी माझ्या पोराचं त्वांड कुरवाळाय कसं जाऊ? मला जाववलं न्हाय. आता…" ती थांबली. "आता तुम्ही म्हणलासा तर जाऊ काय?"

एस्तेरला वाटलं आपण ऐकतोय ते खरं नाही. ही बाई परवानगी मागत होती. आपल्या पोराला भेटायची परवानगी, तिच्याकडं. तीन वर्षं या बाईनं स्वतःला शिक्षा करून घेतली होती. कुणी सांगितली नव्हती, कुठल्या कागदावर नव्हती. एस्तेरनं शांतवनचा दंड धरला.

बस आली. कंडक्टरनं बेल मारली. एस्तेर पायरीवर एक पाय ठेवून वळली.

"जा," ती म्हणाली. "तुला भेटाय कोण तरी हाय. जा."